लोटननानांच्या वायरी

लोटननाना गेले तेव्हा शिंदखेड्याहून मला फोन आला. ताई, शोकसभेचं निवेदन तुम्हीच करा, तुमचा नि नानांचा इतक्या वर्षांचा सहवास. मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे, आणि नानांबद्दल चांगलं बोलायचं तर मला फक्त त्यांच्या वायरींबद्दल बोलता आलं असतं. शोकसभेत वायरींबद्दल किती बोलणार?

नाना म्हणजे साउंडवाले. शिंदखेड्यात घर, घराखाली सामानाची खोली, आणि कामं धुळ्यापासून जळगावपर्यंत. मी धुळ्याला शाळेत मराठी शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी सत्कार, स्नेहसंमेलनं, पुस्तक प्रकाशनं असल्या कार्यक्रमांचं निवेदन करायचे. माइकच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला नाना, एवढाच आमचा संबंध. माझ्याशी ते शहरी मराठीत बोलत, हा माझा मान. अपमान करायचा झाला तरी शहरी मराठीतच करत. अहिराणी त्यांनी घरच्यांसाठी राखून ठेवली होती, आणि घरच्यांना ती नको नको झाली होती.

उंच, कोरडा, ताठ माणूस. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर धुऊन धुऊन मऊ झालेलं एक फडकं. ते घाम पुसायला नव्हतं. घाम ते बाहीला पुसत. फडकं वायरींचं होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जळगावात, कापड व्यापाऱ्यांच्या मंडळाच्या एका समारंभात. अध्यक्ष होते एक मोठे मारवाडी शेठ. शेठजी हार घालून घेऊन खुर्चीत बसले ते नेमके माइकच्या वायरीवर बूट ठेवून. स्वागतगीत सुरू होतं. नाना मागून चालत आले, पाच मुलींच्या गाण्यामधून सरळ आडवे गेले, शेठजींपुढे वाकले आणि म्हणाले, "शेठ, पाय उचला. ती जिवंत आहे." शेठजींनी घाबरून दोन्ही पाय उचलले. त्यांना वाटलं, करंट आहे. नानांनी वायर सोडवली, फडक्याने पुसली, खुर्चीच्या मागून नेली, आणि शेठजी गाणं संपेपर्यंत पाय वर धरून बसले. मला हसू आवरेना. माझं हसू नानांनी पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या आवाजापेक्षा तुमच्या चपलांचा आवाज स्वच्छ येतो. पुढच्या वेळी त्यांनाच बोलू द्या."

तर हे असं. पण नानांचा आवाज लागला की लागला. त्यांच्या माइकवर खरखर नाही, मध्येच आवाज जाणं नाही. दुसरे साउंडवाले स्पीकर मोठे करत गेले, नानांनी वायरी जपल्या. बिनवायरचे माइक आले, सगळ्यांनी घेतले, नानांनी घेतले नाहीत. "बिनवायरचा माइक म्हणजे बिनदोरीचा बैल," म्हणायचे, "केव्हा कुठं उधळेल सांगता येत नाही." त्यांच्याकडच्या काही वायरी माझ्या नोकरीपेक्षा जुन्या होत्या आणि माझ्यापेक्षा लवचीक.

ते वायरी कशा सांभाळत ते मी त्यांच्या गच्चीवर पाहिलंय. नानांचं म्हणणं असं, की कारखान्यातून वायर येते तीच मुळात रुसून. ड्रमवर आवळून गुंडाळलेली असते, तो गोल तिच्या अंगात बसतो. ती सोडवताना ओढायची नाही. ड्रम काठीवर चढवून फिरवायचा आणि वायर आपल्या पायांनी येऊ द्यायची. मग ती गच्चीवर लांब पसरायची. थंडीत दुपारचं ऊन, वैशाखात अगदी कोवळं सकाळचं, कारण आमच्याकडचं वैशाखातलं दुपारचं ऊन म्हणजे तवा, त्यात रबर भाजून निघतं. एक टोक दगडाखाली, दुसरं मोकळं. वायर जरा ऊबदार झाली की ओल्या फडक्यात हलकी धरून दगडाकडून मोकळ्या टोकाकडे चालत जायचं. पीळ पुढे पुढे सरकतो, आणि आपण शेवटाला पोचलो की टोक आपोआप एक गिरकी घेतं. ती गिरकी म्हणजे पीळ बाहेर पडला. नाना त्या क्षणी गालातल्या गालात हसत. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

मग गुंडाळणं. मांडववाले वायर पंजा आणि कोपर यांच्यामध्ये गरागरा गुंडाळतात, तसं कोणी करताना दिसलं तर नाना त्याच्या हातातून वायर काढून घेत आणि त्याच्या आईबापाची चौकशी करत. त्यांची रीत वेगळी. एक फेरा सुलटा, दुसरा मनगट आत वळवून उलटा, पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. एकाचा पीळ दुसरा खाऊन टाकतो. असं वेटोळं एक टोक धरून फेकलं तर वायर सरळ रेघेत जाऊन पडते. वर सुती नाडी बांधायची, तीही सैल. चिकटपट्टीचा डिंक निघावा म्हणून वायरीला घासलेट लावणाऱ्या एका माणसाशी नाना जन्मभर बोलले नाहीत. त्या माणसाला त्याचं दुःख झालं असेल असं वाटत नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. नाना सगळ्या वायरींचा पीळ काढत. त्यांचा स्वतःचा कोण काढणार? मुलगा सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. उरली बायको, सिंधूअक्का, आणि शालिक.

आधी अक्कांचं सांगते. चैत्रात आमच्याकडे गच्च्या बायकांच्या असतात. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या असतात. ज्वारी भिजत घाला, वाटा, शिजवा, पहाटे उठून ओल्या कपड्यावर थापा. एका सकाळी मी काही कामाने नानांकडे गेले होते. अक्कांनी सगळी गच्ची बिबड्यांनी भरली होती. नाना नवीन वायर घेऊन वर आले. बिबड्यांचे ओले कपडे एकेक करून चारी टोकांनी उचलले आणि जिन्याखालच्या अंधारात नेऊन ठेवले, एकावर एक. बिबड्यांचा परत लगदा झाला. अक्का जिन्यात उभ्या राहून बघत होत्या.

"बिबड्या काय, दरसाल व्हतस," नाना म्हणाले.

"हां," अक्का म्हणाल्या, "यंदा वायरीच वाढसू ताटमा."

दुसऱ्या दिवशी त्या माहेरी गेल्या, दोंडाईच्याला, आणि पार पावसाळा लागेपर्यंत आल्या नाहीत. नानांनी शेजाऱ्यांना सांगितलं, गच्ची मोकळी झाली.

शालिक हा नानांच्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, बाप त्याआधीच, म्हणून तो मामाकडे वाढला. मी पाहिला तेव्हा तिशी ओलांडलेला, रुंद हाडाचा, मान जरा कलती ठेवून ऐकणारा. दिवसभर नानांच्या मागे. नाना त्याची ओळख करून देत ती ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. "हाई मनी बहीणनं उष्टं," म्हणायचे. समोरचा हसायचा, कारण काय करणार? शालिकही हसायचा. ते हसणं मला सगळ्यांत जास्त लागायचं.

तरी तो टिकून होता, आणि का ते सगळ्या शिंदखेड्याला ठाऊक होतं. नानांनी एकदा पोळ्याच्या दिवशी, चार माणसांत, पुरणपोळी खाऊन सुस्तावल्यावर म्हटलं होतं, "मना मांगे ह्या बठ्ठ्या वायरी तुन्याच." शालिकला स्पीकर नको होते, मिक्सर नको होता, ते बाजारात मिळतात. पण तीस वर्षं उन्हात फिरवून, पुसून, पीळ काढून जिवंत ठेवलेली वायर कोणत्या दुकानात मिळते? त्या वायरी मिळाल्या की आपण स्वतःच्या नावाने उभे राहू, एवढं एकच त्याच्या मनात होतं. त्यासाठी तो उष्टं झाला, बिनमायचा झाला, आणखी काय काय झाला.

एकदा धुळ्याच्या नाट्यगृहात दुपारचा कार्यक्रम आटोपला होता आणि दोघं मामा-भाचे वायरी गुंडाळत होते. नाशिकहून एका गायकाबरोबर त्यांचा साउंडवाला आला होता. जाणता माणूस. त्याने ओळीने ठेवलेली वेटोळी पाहिली, त्यातलं एक उचललं, तळहातावर तोललं आणि म्हणाला, "वा नाना! काय हात आहे! पाण्यासारखी पडलीय." ते वेटोळं शालिकचं होतं. नानांचं शेजारी होतं. फरक मला, माझ्यासारखीला, दिसत होता. नानांचं चांगलं होतं आणि शालिकचं त्याहून चांगलं होतं. नानांनी स्तुती मान हलवून ठेवून घेतली. पाहुणा वळल्यावर शालिकचं ते वेटोळं उचललं, नाडी सोडली आणि सगळी वायर मोकळी करून फरशीवर टाकली.

"फिरून कर."

शालिकने केलं. पुन्हा तसंच पडलं, पाण्यासारखं. नाना बघत राहिले. त्या दिवसानंतर नाना त्याच्याशी जे वागले, त्याच्यापुढे आधीचं वागणं लाडाचं म्हणायला पाहिजे.

त्याच वर्षी शालिकला यावलकडचं एक स्थळ सांगून आलं. केळीच्या बागांत राबणारी, सरळ माणसं. मुलीचे वडील आणि काका म्हणाले, मुलगा घरी बसलेला काय बघायचा, कामावर बघू. ते धुळ्याला यायचे होते, एका संस्थेच्या वर्धापनदिनाला, जिथं निवेदन माझं होतं. सकाळी सामान उतरवताना शालिक नानांजवळ गेला. मी व्यासपीठावर माझे कागद लावत होते.

"नाना, पाहुणा येनार शेतस. तुम्ही त्यास्ले इतलंच सांगा, पोऱ्या कामना शे."

"सांगसू ना," नाना म्हणाले. अगदी गोड आवाजात.

शालिक टेबल आणायला गेला. नानांनी पेटीतलं मोठं वेटोळं काढलं, मांडीवर घेतलं, नाडी सैल केली आणि वायरीचं आतलं टोक हळूच सगळ्या फेऱ्यांच्या मधून ओवून पलीकडे काढलं. बाळाच्या अंगड्याच्या बाहीतून हात काढावा तसं. मला वाटलं, नीट करताहेत. पुन्हा नाडी बांधली, पेटीत ठेवलं.

पाहुणे आले, पुढच्या रांगेत बसले. सभागृह भरत आलं होतं. शालिकची एक लकब होती. वायर टाकायची झाली की तो टोक डाव्या हातात धरून वेटोळं उजव्या हाताने व्यासपीठावरून खाली फेकायचा, आणि वायर मधल्या वाटेने सरळ मिक्सरपर्यंत जायची. लोक बघत राहायचे. त्या दिवशी तर त्याने ते जरा ऐटीतच फेकलं. बघणारी माणसं बसली होती ना.

वायर गेली आणि मध्येच आखडली. गाठ. तिच्यापुढे गाठ. तिच्यापुढे गाठ. वाटेवर गाठींची माळ पडली होती. एक पोरगं खिदळलं, मग सगळी रांग हसली. नाना मिक्सरपाशी उभे होते. त्यांच्या हातात चाचणीचा माइक होता. तो चालू करून ते सावकाश म्हणाले, "दखा. इतला वरीस शिकाडं."

टोक फेऱ्यांतून ओवल्याशिवाय तशा गाठी पडत नाहीत. हे त्या सभागृहात तिघांनाच कळलं होतं. नानांना, शालिकला, आणि त्या क्षणी मला. शालिकने नानांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा वायर टाकून निघून जाईल, मी असते तर ती त्यांच्या गळ्यात घातली असती. तो वाटेवर उकिडवा बसला आणि एकेक गाठ सोडवायला लागला. ओढून नाही. ओढली असती तर लवकर सुटली असती, पण आतली तार दुखावली असती. हलक्या हाताने, टोक मागे घेत, लोकांच्या पायांमधून. कार्यक्रम उशिरा सुरू झाला. यावलचे पाहुणे चहा घेऊन उठले आणि म्हणाले, "कळवतो." आमच्याकडे कळवतो म्हणजे काय हे सांगायला नको.

मी नानांना त्याच दिवशी विचारलं, नाना, असं का केलंत? ते फडकं घडी करत होते. म्हणाले, "बाई, तुम्ही फार स्पष्ट बोलता. माइकवर तसं बोलत जा." मला त्या माणसाचा तेव्हा संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय.

पुढे नाना थकले. डाव्या पायाने त्रास द्यायला सुरुवात केली, हात थरथरायला लागले. सगळीकडे डीजे आले होते, नानांकडे कामं येईनात. स्पीकर खोलीत धूळ खात पडले. नाना वायरी तेवढ्या उन्हात घालत. जिना चढायला शालिक आधार द्यायचा आणि उतरताना शिव्या खायचा.

मग यंदाच्या हिवाळ्यात शालिकला काम मिळालं. त्याच्या स्वतःच्या नावाने, पहिलं. मुक्ताईनगरला एका मोठ्या भजन स्पर्धेचं साउंड. आयोजकांना डीजे नको होता, स्वच्छ आवाज हवा होता, आणि कोणीतरी शालिकचं नाव सांगितलं होतं. स्पीकर त्याने ओळखीतून ठरवले. वायरी नानांकडे, आणि कामाची बातमी नानांच्या कानावर गेलेली. तो धुळ्याला माझ्या घरी आला, दारातच उभा राहिला.

"ताई, तुम्ही एक शब्द टाका. तुमचं ऐकतील."

नाना माझं कधीच ऐकत नसत, पण त्याचा चेहरा बघून मी नाही म्हणू शकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही शिंदखेड्याला गेलो. अक्कांनी दार उघडलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. "वर शेतस," म्हणाल्या आणि आत गेल्या.

गच्चीवर छान ऊन पडलं होतं. नाना भिंतीला टेकून बसले होते, पाय लांब करून. समोर वायरींचे तुकडे. हातभर लांबीचे, सगळे सारखे, ओळीने मांडलेले, गच्चीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. नानांच्या मांडीवर कटर होता. त्यांनी एक वायर ओढून घेतली, फडक्याने टोकापासून टोकापर्यंत पुसली, पीळ काढला, आणि कापली. पुन्हा हातभर मापून कापली. प्रत्येक तुकडा पुसून ओळीत ठेवत होते. एकही तुकडा वाकडा पडत नव्हता.

शालिक माझ्या मागे जिन्याच्या दारात उभा होता.

"ये," नाना त्याला म्हणाले. "शब्द दिन्हा व्हता मी. हाई ले, बठ्ठं तुनंच शे."

एक वायर अजून शाबूत होती. व्यासपीठापासून मिक्सरपर्यंत जाणारी ती जाड, मुख्य वायर, जिच्या पोटात सगळे माइक जातात. गुंडाळलेली, नाडी बांधलेली, नानांच्या उजव्या हाताला. बाकीच्या छोट्या वायरी कुठूनही मागून आणता आल्या असत्या. ही एक मिळाली तरी शालिकचं काम निभावलं असतं. मी पुढे झाले.

"नाना, एवढी एक द्या त्याला. हात जोडते."

"देतो ना बाई," नाना म्हणाले. "कोण नाही म्हणतंय?"

त्यांनी नाडी सोडली. वायर उन्हात पसरली. मग दोन्ही हातांनी कटर तिच्यावर धरून दाबला. वायर जाड होती, कटर नुसता रुतला. पुन्हा दाबला. मनगट गळून पडलं. नाना क्षणभर त्या हातांकडे बघत बसले. मग त्यांनी कटर उलटा धरून, मुठीची बाजू पुढे करून, शालिककडे धरला.

"मना हात दुखस. हाई तू काप."

मी म्हणाले, शालिक, वायर उचल आणि चल. तो खाली बसला होता. मी पुन्हा म्हणाले, चल, ते उठू शकत नाहीत, चल. जिना चार पावलांवर होता. शालिकने कटर घेतला. वायरीवरून हात फिरवला, जिथं नानांनी रुतवला होता ती खाच चाचपली, आणि दाबला. त्याच्या हातात बळ होतं. एका दाबात कापली.

नानांनी तुकडा हातात घेतला, कापलेलं तोंड डोळ्यांजवळ नेऊन उन्हाकडे धरलं.

"तिरपं कापं रे," ते म्हणाले. "एक काम नीट येत नही तुले."

शालिकने त्यांच्या हातातून तुकडा घेतला, टोक बोटांत सरळ धरलं आणि पुन्हा कापलं.